विनामूल्य आणि समान : श्रीलंकेच्या राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेची एक चिकित्सा

प्रस्तावना

विकसनशील देशांच्या शिक्षणविषयक चर्चेत श्रीलंकेचा उल्लेख बहुधा गौरवानेच केला जातो. दरडोई उत्पन्न मर्यादित असतानाही साक्षरतेचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक, मुलींचे शिक्षण मुलांच्या बरोबरीने, पाठ्यपुस्तके व गणवेश शासनाकडून, आणि बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षणशुल्क नाही, अशी या देशाची ख्याती आहे. ती निराधार नाही. परंतु याच देशात १९७१ मध्ये सुशिक्षित ग्रामीण तरुणांनी राज्यसत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव केला. १९८७ ते १९८९ या काळात त्याची अधिक रक्तरंजित पुनरावृत्ती झाली. उत्तरेकडील तमिळ तरुणांच्या असंतोषाला विद्यापीठप्रवेशाच्या प्रश्नाने धार आणली आणि १९८३ ते २००९ ही सव्वीस वर्षे देश यादवी युद्धात होरपळला. ज्या समाजाने आपल्या मुलांना शिकविण्यासाठी इतके केले, त्याच समाजाची शिकलेली मुले त्याच्यावर इतकी का रुसली, हा प्रश्न टाळून श्रीलंकेच्या शिक्षणाचे मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.

प्रस्तुत लेखात श्रीलंकेच्या राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेची ऐतिहासिक घडण, तिच्यामागील वैचारिक भूमिका आणि तिच्या अंतर्गत विसंगती यांचा चिकित्सक परामर्श घेतला आहे. 'विनामूल्य' शिक्षण आणि 'समान' शिक्षण या दोन भिन्न संकल्पना असून श्रीलंकेने पहिली साध्य करताना दुसरीही आपोआप साध्य होईल असे गृहीत धरले, हे या विवेचनाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. शिक्षणशुल्क रद्द झाले, तरी शाळाशाळांमधील दर्जाचा फरक, भाषेनुसार झालेली विभागणी आणि उच्च शिक्षणातील जागांची टंचाई कायम राहिली. शुल्काच्या जागी या तीन गोष्टी निवडीची साधने बनल्या.

पूर्वपीठिका : पिरिवेन, मिशन आणि पुनरुत्थान

श्रीलंकेत शिक्षणाची परंपरा विहाराशी निगडित होती. भिक्खूंच्या शिक्षणासाठी 'पिरिवेन' ही संस्था होती आणि गावातील मुलांना अक्षरओळख विहारातच होत असे. पोर्तुगीज, डच आणि ब्रिटिश या तीन सत्तांच्या काळात किनारपट्टीवरील हे शिक्षण क्रमाने चर्चच्या व मिशनच्या हाती गेले. १८३१–३२ च्या कोलब्रूक अहवालाने प्रशासनासाठी इंग्रजी शिकलेला देशी वर्ग तयार करण्याची दिशा दिली, तर १८६९ मध्ये सार्वजनिक शिक्षण खाते स्थापन होऊन अनुदानपद्धती रूढ झाली. परिणामतः दोन स्तरांची व्यवस्था उभी राहिली. शुल्क आकारणाऱ्या इंग्रजी शाळा नागरी व संपन्न वर्गासाठी होत्या आणि त्यांतून नोकरी, वकिली, वैद्यकी यांचे मार्ग खुले होत. सिंहली व तमिळ माध्यमाच्या शाळा बहुतांशी विनाशुल्क होत्या. परंतु त्यांतून फार तर गावातील शिक्षकाची नोकरी मिळे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वसाहतकाळातही गरिबांचे शिक्षण विनामूल्य होते. ते निरुपयोगी होते, हा त्यातील अन्याय होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परिस्थितीला बौद्ध समाजाकडून उत्तर मिळू लागले. १८७३ साली मोहोट्टिवत्ते गुणानंद यांनी पानदुरा येथे ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी जाहीर वाद केला. त्याच वर्षी हिक्कडुवे श्री सुमंगल यांनी कोलंबोच्या मालिगाकंद भागात विद्योदय पिरिवेनाची स्थापना केली. १८७५ मध्ये पेलियगोड येथे रत्मलाने श्री धर्मालोक यांच्या प्रयत्नाने विद्यालंकार पिरिवेन सुरू झाले. १८८० मध्ये कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट श्रीलंकेत आले आणि बौद्ध थिऑसॉफिकल सोसायटीच्या द्वारे शाळांचे जाळे उभे राहू लागले. कोलंबोचे आनंद कॉलेज (१८८६), कँडीचे धर्मराज कॉलेज (१८८७), गालचे महिंद कॉलेज (१८९२) ही त्याची ठळक फळे होत.

विद्योदयाशी महाराष्ट्र व गोव्याचा एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये येथेच सुमंगल स्थविरांपाशी श्रामणेर होऊन पाली शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. मराठीतील बौद्धविद्येचा एक मूळ प्रवाह या पिरिवेनातून निघाला आहे. देश, जात वा भाषा न पाहता विद्यार्थ्याला दार उघडणारी ही संस्था होती, हे पुढील विवेचनाच्या संदर्भात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

तथापि हे पुनरुत्थान एकट्या बौद्धांचे नव्हते. जाफन्यात आरुमुग नावलर यांनी १८४८ मध्येच शैव शाळा काढून मिशनऱ्यांच्या शिक्षणाला शैव तमिळ पर्याय दिला होता. मुस्लिम समाजात सिद्दी लेब्बे यांच्या पुढाकारातून कोलंबोत झाहिरा कॉलेजचा उगम १८९२ मध्ये झाला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांना मिशनशाळेत धर्म गमवावा लागू नये म्हणून आपापली शाळा उभारली. प्रतिकाराचा हा मार्ग त्या काळात स्वाभाविक होता. परंतु त्यामुळे स्वातंत्र्यापूर्वीच मुलांची शाळेत धर्मानुसार व भाषेनुसार वाटणी झालेली होती. सर्वांची म्हणता येईल अशी शाळा कोणीच उभारली नव्हती.

कन्नंगरा सुधारणा : स्वरूप आणि सामर्थ्य

१९३१ मध्ये डोनोमोर संविधानानुसार श्रीलंकेत सार्वत्रिक प्रौढ मताधिकार लागू झाला. शिक्षणविचाराच्या दृष्टीने ही घटना निर्णायक ठरली. ज्या शेतकऱ्याला व मजुराला मत मिळाले, त्याच्या मुलाच्या शाळेचा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी येणे अपरिहार्य होते. पहिले शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा (१८८४–१९६९) यांनी १९३१ ते १९४७ असे सलग सोळा वर्षे हे खाते सांभाळले. ते स्वतः गालच्या रिचमंड कॉलेज या मिशनरी शाळेत शिष्यवृत्तीवर शिकले होते. गुणी परंतु निर्धन मुलाला एखाद्याच्या कृपेवर अवलंबून राहावे लागते, याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता.

त्यांच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीचा अहवाल १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत विनाशुल्क शिक्षण, प्राथमिक स्तरावर मातृभाषेचे माध्यम, ग्रामीण भागात सुसज्ज 'मध्य महाविद्यालये', पाचवीच्या स्तरावरील स्पर्धा परीक्षेतून खेड्यातील मुलांना शिष्यवृत्ती, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या धर्माचे शिक्षण, ही त्यातील प्रमुख सूत्रे होती. संपन्न वर्गातून आणि काही संप्रदायांच्या शाळांकडून या योजनेला कडवा विरोध झाला. तरीही १ ऑक्टोबर १९४५ पासून विनामूल्य शिक्षण अंमलात आले. स्वातंत्र्य मिळण्यापूर्वीच एका वसाहतीने हा निर्णय घेतला होता, हे त्याचे असाधारणत्व होय. ग्रामीण भागात चोपन्न मध्य महाविद्यालये उभी राहिली. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह आणि इंग्रजीचे शिक्षण या चार गोष्टी प्रथमच शहराबाहेर पोहोचल्या. श्रीलंकेतील पुढच्या पिढीचे अनेक प्राध्यापक, वैद्य आणि प्रशासक या शाळांतून घडले. इतके करूनही १९४७ च्या निवडणुकीत कन्नंगरा पराभूत झाले, हा राजकारणातील एक विपर्यासच म्हणावा लागेल.

या सुधारणेचे खरे सामर्थ्य केवळ शुल्कमाफीत नव्हते. सिंहली भाषेत या योजनेला 'निदहस् अध्यापनय' असे म्हणतात. 'निदहस्' या शब्दाचा अर्थ स्वतंत्र, मुक्त असा आहे; फुकट या अर्थाचा शब्द सिंहलीत वेगळा आहे. म्हणजे लोकांनी या शिक्षणाचे नाव त्याच्या किमतीवरून न ठेवता त्यातून मिळणाऱ्या मोकळिकीवरून ठेवले. मध्य महाविद्यालयांची कल्पनाही याच अर्थाशी सुसंगत होती. कारण चांगली शाळा मुलाच्या गावाजवळ नेणे हा तिचा गाभा होता. पुढील काळात शासनाने शुल्कमाफीचे व्रत निष्ठेने पाळले. १९८० पासून पाठ्यपुस्तके आणि १९९३ पासून गणवेशाचे कापडही मोफत झाले. परंतु चांगली शाळा गावात नेण्याचे मूळ काम मात्र मागे पडत गेले. 'निदहस्' मधील मोफत उरले, मुक्तता आक्रसली, असे त्याचे वर्णन करता येईल.

स्वभाषा : द्वार आणि भिंत

मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व शैक्षणिक दृष्ट्या निर्विवाद आहे. १९४५ पासून प्राथमिक, १९५० च्या दशकात माध्यमिक आणि १९६० पासून विद्यापीठातील कला शाखांचे शिक्षण सिंहली व तमिळ भाषांतून देण्यात येऊ लागले. त्यामुळे ज्ञानाचे दार प्रथमच इंग्रजी न जाणणाऱ्या बहुसंख्यांना उघडले. विद्योदय व विद्यालंकार या पिरिवेनांना १९५९ मध्ये विद्यापीठांचा दर्जा देण्यात आला, तो याच प्रक्रियेचा भाग होता. १९४२ मध्ये स्थापन होऊन पुढे पेरादेनियाच्या निसर्गरम्य परिसरात गेलेल्या इंग्रजी वळणाच्या विद्यापीठापेक्षा हा निराळा प्रवाह होता.

परंतु या धोरणाला दोन गंभीर मर्यादा पडल्या. पहिली मर्यादा भाषेच्या शिडीची. शाळेत मातृभाषा, कला शाखेत मातृभाषा. पण वैद्यक व अभियांत्रिकी यांचे विद्यापीठीय शिक्षण इंग्रजीतच राहिले. खासगी क्षेत्रातील नोकऱ्यांची भाषाही इंग्रजीच राहिली. म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या मातृभाषेच्या आणि वरच्या इंग्रजीच्या झाल्या. ज्या घरात इंग्रजी होती, त्या घरातील मूल मधले अंतर सहज ओलांडी. इतरांची वाट तेथेच खुंटे. विद्यापीठातील तरुणांच्या बोलीत इंग्रजीला 'कडुव', म्हणजे तलवार, हे नाव मिळाले. शंभर अहवालांनी सांगता आले नसते ते या एका शब्दाने सांगितले आहे. इंग्रजी ही त्यांच्या दृष्टीने वार करणारे शस्त्र होती आणि ते कोणाच्या हाती आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. २००० च्या दशकाच्या आरंभी निवडक शाळांत काही विषयांसाठी इंग्रजी माध्यमाचा पर्याय पुन्हा देण्यात आला. मात्र इंग्रजीतून शिकविणारे शिक्षक मुख्यतः नागरी शाळांतच उपलब्ध असल्याने जुनी दरी बुजण्याऐवजी तिला अधिकृत मान्यता मिळाली.

दुसरी मर्यादा अधिक दूरगामी ठरली. सिंहली मूल सिंहली शाळेत, तमिळ मूल तमिळ शाळेत अशी रचना झाल्याने दोन्ही समाजांची मुले एकमेकांना न भेटता वाढू लागली. इंग्रजी शाळा मूठभरांच्या होत्या हे खरे. पण त्या मूठभरांत सिंहली, तमिळ, मुस्लिम व बर्घर विद्यार्थी एका बाकावर बसत. स्वभाषेने तो बाक काढून घेतला आणि त्याच्या जागी दुसरा दिला नाही. १९५६ च्या राजभाषा कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली, तेव्हा तमिळ माध्यमातून शिकलेल्या तरुणाच्या शिक्षणाचे शासकीय मूल्य एका कायद्याने घटले. मातृभाषेतून शिकविणे आणि राज्यव्यवहारात एकाच मातृभाषेला स्थान देणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली शैक्षणिक न्यायाची, दुसरी राजकीय वर्चस्वाची. १९८८ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने प्रशासनातील तमिळच्या वापराला घटनात्मक आधार मिळाला आणि शाळांतून दुसरी राष्ट्रभाषा शिकविण्याचे प्रयत्नही झाले. परंतु मधल्या तीन दशकांत जे तुटले, ते अभ्यासक्रमातील एका विषयाने सांधण्याजोगे नव्हते.

प्रवेशाचे गणित

शाळा विस्तारल्या, परंतु विद्यापीठांतील जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. १९७० च्या दशकाच्या आरंभी यावर 'प्रमाणीकरणा'चा उपाय योजण्यात आला. प्रथम भाषामाध्यमानुसार गुणांचे समायोजन झाले. त्यामुळे वैद्यक, अभियांत्रिकी यांसारख्या शाखांसाठी तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक गुण मिळविणे आवश्यक ठरले. त्यानंतर जिल्हानिहाय वाटा निश्चित करण्यात आला.

या दोन टप्प्यांचे मूल्यमापन एकत्र करणे योग्य होणार नाही. जिल्हानिहाय वाट्याचे तत्त्व समर्थनीय आहे. सुसज्ज शाळेतील आणि प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतील विद्यार्थ्यांचे गुण समान मानणे हाच अन्याय होय. मागास जिल्ह्यांतील सिंहली विद्यार्थ्यांप्रमाणेच तमिळ व मुस्लिम विद्यार्थ्यांनाही या तत्त्वाचा लाभ झाला. माध्यमानुसार समायोजनाला मात्र असे समर्थन नाही. कारण त्यात वंचिततेचा निकष भाषा हा ठरविण्यात आला. जाफन्यातील संपन्न घराचा मुलगा आणि पूर्वेकडील गरीब तमिळ शेतकऱ्याचा मुलगा या दोघांना त्याने एकाच मापाने मोजले. जाफन्यात लागवडीयोग्य जमीन तोकडी, उद्योग अल्प. तेथील मध्यमवर्गाची सारी भिस्त शिक्षणावर व सरकारी नोकरीवर होती. त्या वर्गाला हा निर्णय आपल्या भवितव्यावरचा घाव वाटला. १९७४ मध्ये जाफन्यात विद्यापीठाचा परिसर सुरू झाला, पण तोपर्यंत अविश्वास रुजला होता. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथांसह जाळण्यात आले, तेव्हा ज्या समाजाने विद्येलाच आपली जमीन मानले होते त्याच्या मनात कोणती भावना उमटली असेल, याची कल्पना करता येते.

आज विद्यापीठप्रवेशातील ४० टक्के जागा देशव्यापी गुणवत्तेवर, ५५ टक्के जिल्ह्याच्या लोकसंख्येनुसार आणि ५ टक्के शैक्षणिक दृष्ट्या मागास अशा सोळा जिल्ह्यांना दिल्या जातात. १९७० च्या दशकातील सूत्राहून हे सूत्र पुष्कळ न्याय्य आहे. तरीही पात्र ठरलेल्या विद्यार्थ्यांपैकी फार मोठ्या बहुसंख्येला जागा मिळत नाही, हे मूळ दुखणे कायम आहे. टंचाईची वाटणी कितीही काळजीपूर्वक केली तरी ती टंचाईच राहते.

पदवी आणि रोजगार : एका निदानाची मर्यादा

१९७१ च्या उठावानंतर श्रीलंकेच्या शिक्षणावर सर्वाधिक टीका झाली ती या दिशेने : देशाने मुलांना गरजेपेक्षा अधिक शिकविले, त्यांच्या अपेक्षा उंचावल्या आणि त्या पुऱ्या न झाल्याने बंड झाले. १९७१ मध्येच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या डडली सीअर्स यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाने रोजगाराच्या संधी आणि सुशिक्षितांच्या अपेक्षा यांतील तफावतीवर बोट ठेवले. रोनाल्ड डोर यांनी 'द डिप्लोमा डिसीज' (१९७६) या ग्रंथात श्रीलंकेचे उदाहरण घेऊन प्रमाणपत्राच्या शर्यतीत शिक्षणाचा गाभा कसा हरवतो याचे मर्मग्राही विश्लेषण केले. १९७२ च्या सुधारणांत व्यवसायपूर्व शिक्षणाचा समावेश करून यावर उपाय योजण्याचा प्रयत्न झाला. परंतु १९७७ मधील सत्तांतरानंतर तो गुंडाळण्यात आला.

परीक्षाकेंद्री शिक्षणाविषयी डोर यांचे निरीक्षण मोलाचे आहे. तथापि त्याचा आधार घेऊन 'अतिशिक्षणा'चा जो निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो, तो स्वीकारता येत नाही. तरुणांच्या अपेक्षा अवास्तव होत्या असे म्हणताना कोणाच्या अपेक्षा, हा प्रश्न विचारला जात नाही. कोलंबोच्या वकिलाच्या मुलाने सरकारी अधिकारी होण्याची इच्छा धरली, तर तिला कोणी अवास्तव म्हटले नाही. तीच इच्छा दक्षिणेकडील शेतमजुराच्या मुलाने धरली, तेव्हा ती सामाजिक समस्या ठरली. शिवाय व्यवसायपूर्व विषयांतील कित्येक उपक्रम गावातील परंपरागत धंद्यांशी जोडलेले होते. ज्या धंद्यातून आणि त्याला चिकटलेल्या जातीय ओळखीतून बाहेर पडण्यासाठी पालकांनी मुलाला शाळेत घातले, तोच धंदा शाळेत शिकविला जाऊ लागल्यावर पालकांनी त्याकडे पाठ फिरविली, यात नवल नाही. शेती व रोपमळे यांवर विसंबलेली अर्थव्यवस्था वाढली नाही, हा शाळेचा अपराध नव्हता. ज्ञानाचे दार उघडल्याबद्दल शाळेला दोषी धरणे म्हणजे आरशावर राग काढणे होय.

सावलीतील शाळा आणि मळ्यांतील मुले

विनामूल्य शिक्षणाची आजची कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिले ठिकाण खासगी शिकवणीचे. १९६० व १९६१ च्या कायद्यांनी बहुसंख्य अनुदानित शाळा शासनाने ताब्यात घेतल्या आणि शुल्क आकारणारे शिक्षण मोजक्या शाळांपुरते उरले. परंतु स्पर्धा उरलीच. देशातील सुमारे दहा हजार शासकीय शाळांपैकी उच्च माध्यमिक स्तरावर विज्ञान शाखा असणाऱ्या शाळा साधारणतः दहांत एक आहेत. केंद्र शासनाच्या अखत्यारीतील 'राष्ट्रीय शाळा' आणि १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनंतर प्रांतिक परिषदांकडे गेलेल्या शाळा यांच्यातील साधनांचा फरक सर्वज्ञात आहे. मोजक्या नामवंत शाळांत शिरण्यासाठी पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा हा एक प्रमुख मार्ग उरला. जी परीक्षा खेड्यातील गुणी मुलाला शोधून काढण्यासाठी योजली होती, ती आता दहा वर्षांच्या मुलांची चाळणी बनली आहे. तिच्यासाठी, तसेच पुढील सामान्य व प्रगत स्तराच्या परीक्षांसाठी, शिकवणीवर्गांचे प्रचंड जाळे उभे आहे. शासनाने दारातून घालविलेले शुल्क खिडकीतून परत आले आणि ज्याची ऐपत नाही त्याला ते पूर्वीइतकेच जाचते.

दुसरे ठिकाण मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशातील चहाच्या मळ्यांचे. तेथील भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांच्या शाळा मळेमालकांच्या अधीन होत्या आणि १९४५ च्या योजनेचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यांपैकी बहुसंख्य लोक नागरिकच उरले नाहीत. ज्याला मत नाही त्याच्या शाळेचा प्रश्न कोणाचाच नसतो, हे १९३१ च्या मताधिकाराने घडविलेल्या इतिहासाचे उलटे प्रत्यंतर येथे मिळते. मळ्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, या शाळा शासनाकडे येऊ लागल्या. ज्यांच्या श्रमातून आलेल्या चहाच्या उत्पन्नावर देशाचे विनामूल्य शिक्षण बऱ्याच अंशी उभे राहिले, त्यांच्या मुलांना ते सुमारे तीन दशके उशिरा मिळाले. श्रीलंकेच्या शैक्षणिक यशोगाथेत या वस्तुस्थितीला तळटीपेचे स्थान दिले जाते. वस्तुतः ती मुख्य मजकुरात असावयास हवी.

यात भर म्हणून शासनाचा शिक्षणावरील खर्च घटत गेला. २०१२ मध्ये विद्यापीठीय अध्यापकांच्या महासंघाने दीर्घ संप केला. त्यातील प्रमुख मागणी राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के निधी शिक्षणासाठी मिळावा ही होती. वेतनवाढीच्या पलीकडे जाऊन अध्यापकांनी सार्वजनिक शिक्षणाच्या अस्तित्वाचा प्रश्न रस्त्यावर आणला, ही अध्यापकवर्गाने नोंद घ्यावी अशी घटना होय. २०२२ च्या आर्थिक संकटात पश्चिम प्रांतातील सत्र परीक्षा कागदाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि पुढे इंधनाअभावी शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. १९४५ मध्ये महायुद्धाच्या छायेत ज्या देशाने शिक्षण मोफत केले, त्याच देशाला प्रश्नपत्रिकेपुरताही कागद मिळू नये, ही तुलना पुरेशी बोलकी आहे.

बौद्ध अधिष्ठानाचा प्रश्न

सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या बौद्ध असलेल्या या देशाच्या शिक्षणाला बौद्ध म्हणता येईल काय, हा प्रश्न अखेरीस उरतो. १९७२ व १९७८ च्या संविधानांनी बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला आपापल्या धर्माचा विषय शिकविला जातो. पिरिवेनांना शासकीय साहाय्य मिळते. रविवारच्या धम्मशाळा गावोगाव भरतात. बाह्य दृष्टीने पाहता बौद्ध परंपरेची शिक्षणातील उपस्थिती भरघोस आहे.

परंतु उपस्थिती आणि अधिष्ठान या एक गोष्टी नव्हेत. शाळेत बौद्ध धर्म हा परीक्षेचा एक विषय झाला. त्यातही गुण मिळतात, त्याचीही शिकवणी लावता येते. स्वतः तपासून मगच स्वीकारावे, ही बुद्धाच्या शिकवणुकीतील बौद्धिक वृत्ती मात्र पाठांतरप्रधान परीक्षापद्धतीत कोठेच शिरली नाही. शिवाय प्रत्येक मुलाने केवळ स्वतःचाच धर्म शिकावा ही योजना मिशनशाळांच्या अनुभवातून आलेली असल्याने समजण्याजोगी असली, तरी तिच्यामुळे शेजारच्या मुलाचा धर्म जाणून घेण्याची संधी शाळेने दिली नाही. एके काळी संरक्षणासाठी घातलेले कुंपण संरक्षणाची गरज संपल्यावरही उभेच राहिले. पुनरुत्थानकाळातील बौद्ध शिक्षण हे वंचितांच्या स्वाभिमानाचे साधन होते. बहुसंख्याकांच्या हाती सत्ता आल्यावर त्याच शिक्षणाकडून औदार्याची अपेक्षा होती आणि नेमकी तीच अपुरी पडली. कोसंबींना दार उघडणारे विद्योदय आणि तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याकडे अधिक गुण मागणारे प्रमाणीकरण, ही एकाच देशाची दोन रूपे आहेत. पहिले बौद्ध परंपरेला अधिक जवळचे होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून श्रीलंकेचा प्रयोग फसला असा निष्कर्ष निघत नाही. विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांहून अधिक असणे, सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा २०१६ मध्ये सोळा वर्षांपर्यंत नेली जाणे, आणि शिक्षण विकत घेण्याची वस्तू नव्हे हा विचार सर्वसामान्यांच्या मनात खोल रुजणे, ही लहान यशे नव्हेत. खासगी वैद्यकीय शिक्षणाचा प्रयत्न १९८० च्या दशकात आणि पुन्हा २०१० च्या दशकात झाला, तेव्हा दोन्ही वेळा तेथील विद्यार्थ्यांनी तो प्रखर आंदोलनाने परतविला. शिक्षणहक्काची अशी जाण शेजारच्या देशांत अभावानेच आढळते.

तथापि शुल्कमाफी हा समतेचा आरंभ आहे, समता नव्हे. चांगली शाळा प्रत्येक मुलाच्या आवाक्यात नसेल, वरच्या पायरीची भाषा खालच्या पायरीवर शिकविली जात नसेल, भिन्न भाषांची व धर्मांची मुले एकमेकांच्या शेजारी बसत नसतील, तर विनामूल्य शिक्षण निवडीचे केवळ साधन बदलते. वसाहतकाळात पैशाने निवड होई. नंतर ती भाषेने, जिल्ह्याने, शाळेच्या नावाने आणि शिकवणीने होऊ लागली. कन्नंगरांच्या योजनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग शुल्कमाफीचा नसून मध्य महाविद्यालयांचा होता. तो भाग खर्चिक, संथ आणि घोषणेला अनुपयुक्त असल्यामुळेच राजकारणात मागे पडला. शुल्क एका आदेशाने रद्द करता येते; गावातील शाळेला प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि टिकून राहणारा शिक्षक देण्यासाठी पिढ्या खर्ची घालाव्या लागतात. श्रीलंकेच्या शिक्षणव्यवस्थेपुढील अपुरे राहिलेले कार्य हेच आहे.